मेजरचं दुमजली

दिवाळीपर्यंत म्हणून मेजरांनी माझी मागची शेड मागितली होती. कुठल्या दिवाळीपर्यंत, हे मी तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं.

शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. फौंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, आणि तो साचा उठवण्यासाठी आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचं हाउसिंग, असल्या साध्यासुध्या वस्तूंवर आमचं घर चालतं. मेजर पहिल्यांदा आले ते एका लहानशा ब्रॅकेटचा पॅटर्न करून घ्यायला. ब्रॅकेट कशाचं, असं मी सहज विचारलं. तेवढी एक चौकशी केली नसती तर माझी बरीच वर्षं सुखात गेली असती.

पंधरवड्याच्या आत माझे जुने पॅटर्न बाहेर पत्र्याखाली गेले आणि मागच्या शेडमध्ये एका ट्रकमधून विमान उतरलं. विमान म्हणजे विमानाची हाडं. वाळवीनं खाल्लेले पंख, गंजलेल्या नळ्यांचा सांगाडा, गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन आणि एका कुशीवर हवाई दलाचा पुसट झालेला गोल. हवाई दलातल्या नव्या पोरांना उडायला शिकवायचं जुनं ट्रेनर होतं ते. पंख दोन मजली, एक वर आणि एक खाली. सीटा दोन, एकीमागं एक, डोक्यावर छत नाही. काम संपल्यावर ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांनी बघावं म्हणून ठेवलं होतं आणि मुलांनी बघण्यापेक्षा त्याचे नटबोल्टच जास्त नेले होते. एमआयडीसीत दुसऱ्या दिवशी त्याचं नाव 'दुमजली' पडलं.

"हे उडणार?" मी विचारलं.

"ते कशाला उडतंय? मी उडवणार," मेजर म्हणाले. "दिवाळीपतूर."

मेजर हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. ते हवाई दलात होते, विमान शिकवणारे इन्स्ट्रक्टर. पण आमच्याकडे गणवेशातून निवृत्त झालेला माणूस गावात आला की तो मेजर होतो, त्याला इलाज नाही. सुरुवातीला त्यांनी प्रत्येकाला समजावून पाहिलं. "अहो, एअरफोर्सात मेजर नसतो!" समोरचा शांतपणे म्हणायचा, "असू दे की मेजर, चा घ्या." हे एकच भांडण त्यांनी अर्धवट सोडलेलं मी पाहिलं.

मूळचे शाहूवाडीकडचे, भात पिकवणाऱ्या घरातले. नोकरीत सगळा देश फिरले, इंग्रजी साहेबासारखं बोलायचे, हिंदीही झकास. पण राग यायचा तो थेट शाहूवाडीतून यायचा. माझ्यावर खूश असले की मला 'पॅटर्नवाले' म्हणायचे आणि बिनसलं की 'पावणं'. अनोळखी माणसाला हाक मारतात तसं. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच स्टुलावर बसून, "पावणं, तुमचं काय काम हाय हितं?" असं त्यांनी मला किती वेळा विचारलं असेल याची गणती नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बोटभर लांबीची लेव्हल असायची, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, गवंड्याकडे मोठी असते तिची धाकटी बहीण. कुठंही बसले की आधी ती टेबलावर ठेवायची, डोळा बारीक करून बुडबुडा बघायचा आणि मालकाला हाक मारायची. खानावळीत लेव्हल घरी विसरली तर तांबड्या रश्श्याची वाटी चालायची. "बघा की, डावीकडं रस्सा वर आलाय. टेबल हाय का घसरगुंडी?" न्हाव्याच्या खुर्चीवर त्यांनी लेव्हल ठेवलेली मी पाहिली आहे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मांडवात नवरानवरीच्या चौरंगावर ठेवलेली पाहिली आहे. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा सगळे लोक घर बघत होते आणि हे स्वयंपाकघरात ओट्यावर वाकलेले. माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमचं दूध कायम डावीकडनंच उतू जाणार." बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दूध अजूनही डावीकडूनच उतू जातं.

दुसरी खोड हातांची. ते शिकवायचे त्या विमानात इन्स्ट्रक्टर पुढं बसतो आणि शिकणारा मागं. दोघांच्याही समोर तोच दांडा, तीच पायाखालची पट्टी. एकानं हलवलं की दुसऱ्याचंही हलतं. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात धड ऐकू येत नाही, म्हणून मागच्याला विमान सोपवायचं असेल तेव्हा इन्स्ट्रक्टर दोन्ही हात डोक्याच्या वर उचलायचा, पंजे उघडे ठेवून. म्हणजे मी सोडलं, आता तुझं. आणि मागच्याचं तोंड कसं झालंय ते बघायला पुढं वर एक छोटा आरसा. नोकरी सुटली तरी मेजरांचे हात काही खाली आले नाहीत. लाकूड कापताना करवत अडकली, की दोन्ही हात वर. बँकेत मशीन चालेना, हात वर. चर्चेत आपण हरतोय असं दिसलं, की हात वर आणि पुढचं सगळं तुमच्या गळ्यात. मी आयुष्यात जेवढं त्यांचं अर्धवट काम पुरं केलं तेवढं स्वतःचंही केलं नाही.

एकदा त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी शहरात निघालो होतो. पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे, भर वाहतुकीत, त्यांनी दोन्ही हात सोडले आणि डोक्यावर नेले.

"मेजर!"

"वरडू नको. बघ, सरळ चाललीया का न्हाय? गाडी नीट जुळवली असली की हात सोडलं तरी सरळ जाती. जी वाकडी जाती ती गाडी न्हवं, ती नुसतं लोखंड."

शेजारून उसाचा ट्रॅक्टर चाललेला. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. तेव्हापासून मी कुठंही त्यांच्याबरोबर रिक्षानंच गेलो.

हेच त्यांचं विमानाच्या बाबतीत होतं. पंख बसवताना तारा अशा ताणायच्या, कोन असा धरायचा, की वर गेल्यावर दोन्ही हात सोडले तरी दुमजली सरळ जायला हवं. त्यासाठी बसवलेला भाग ते पुन्हा उतरवायचे. माझी माणसं बसवायची, हे उतरवायचे. दिवाळी आली. गेली. मी शेडचा विषय काढला की म्हणायचे, "घाई करून विमान पाडू का तुझ्या डोक्यावर?"

खंडेनवमीला तर कहर. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नारळ. बायकोनं मोठ्या भक्तीनं दुमजलीच्या लाकडी पंख्याच्या एका पात्याला हळदीची पाच बोटं ओढली. मेजर धावत आले. "वहिनी, एकाच पात्याला वजन चढलं की वो!" मग एकतर पुसा नाहीतर दुसऱ्या पात्यालाही तेवढीच लावा, यावर चर्चा. शेवटी दोन्ही पात्यांना मोजूनमापून हळद लागली, माळ चाकाला गेली, आणि नारळ फोडायला आम्हांला फाटकाबाहेर हाकललं, करवंटीचा तुकडा आत नको म्हणून.

एका संध्याकाळी, शेड झाडून झाल्यावर, आम्ही चहा पीत होतो. मी वैतागूनच विचारलं, "मेजर, हे सगळं कशासाठी? आयुष्यभर विमानंच उडवली ना तुम्ही?"

"कोण म्हणतंय उडवली?" ते म्हणाले. "पुढं बसलो. हात मांडीवर ठेवून. उडवली ती मागच्या पोरांनी, मी नुसतं तोंड चालवलं." मग मांडीवरचे हात त्यांनी माझ्यासमोर धरून दाखवले, मला काही दिसतंय का असं. "ह्या दुमजलीत एकट्यानं जायचं असलं तर मागं बसावं लागतं. वजनाचा तोल तसाच हाय त्येचा. पोरगा असताना असल्याच विमानावर पहिल्यांदा एकटा गेलतो. पुढची सीट मोकळी. वरडणारं कुणी न्हाय. पुन्हा एकदा तसं बसायचंय मला. मागं. एकट्यानं. डॉक्टर न्हाय म्हणायच्या आत."

डॉक्टर म्हणजे पुण्यात ठरावीक काळानं होणारी उड्डाणाची वैद्यकीय तपासणी. ती पास झाली तर लायसन चालू, नाहीतर संपलं. मेजर पंचाहत्तरीला टेकले होते. पुढची तपासणी कधी आहे ते त्यांनी शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं. त्या दिवसापासून माझा वैताग जरा गुंतागुंतीचा झाला. आधी मला शेड हवी होती. आता मलाही ते म्हातारं त्या मागच्या सीटवर बसलेलं बघायचं होतं, आणि ते स्वतःच ते होऊ देत नव्हतं.

आता पट्टीची गोष्ट.

वितळलेलं लोखंड गार होताना आटतं. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करतात. किती मोठा, याचा हिशेब दर वेळी करायला नको म्हणून आमच्या धंद्यात पट्टीच तशी मिळते. दिसायला साधी स्टीलची पट्टी, पण तिचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. नुसत्या डोळ्याला कळत नाही, एका कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात तेवढीच. माझ्या वर्कशॉपात भिंतीवर टांगलेल्या सगळ्या पट्ट्या आटीच्या. साधी पट्टी आम्ही आत येऊच देत नाही, कारण घोटाळा झाला तर आख्खं कास्टिंग भट्टीत परत.

पंखाच्या आतल्या बरगड्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, त्या नव्या करायच्या होत्या. मी म्हटलं, ड्रॉइंग द्या, आम्ही कापतो. मेजर म्हणाले, "तुमचं हात लोखंडाचं. ह्ये पंख हाईत." टेप बघितली की त्यांना किळस यायची, माप घ्यावं तर पोलादी पट्टीनंच. आणि माप चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा. कुणी खोकलं तरी सगळं पुसून पहिल्यापासून. मी बाहेरच्या एका फौंड्रीच्या कामात अडकलो होतो, तिथून फोन केला तरी ते उचलायचे नाहीत. माप चालू आहे.

त्याच दिवसांत आमची एक पट्टी हरवली. चांगली, लांब, नेहमीची. आम्ही सगळं वर्कशॉप उलटं केलं. मी सगळ्या माणसांवर डाफरलो. भुशाच्या पोत्यांत हात घालून पाहिला.

एके दुपारी मी मागच्या शेडमध्ये गेलो. टेबलावर बरगड्यांची चळत लागलेली, एकसारखी, सुंदर. खरोखर सुंदर काम होतं. मेजर शेवटच्या बरगडीवर वाकले होते आणि त्यांच्या हातात माझी पट्टी होती.

मी तोंड उघडलं. त्यांनी मान वर न करता बोट ओठांवर ठेवलं.

"मेजर, ती..."

"श्शू."

मी उभा राहिलो. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. रेघ मारली. पुन्हा पट्टी लावली. माझी पट्टी, जिच्यासाठी मी चार माणसांना चोर ठरवून मोकळा झालो होतो. बोलावं तर सगळं पुसून पहिल्यापासून, आणि न बोलावं तरी सगळं पहिल्यापासूनच. मी त्या चळतीकडे बघत राहिलो. ती शेवटची बरगडी आखून होईपर्यंतचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. अखेर त्यांनी पेन्सिल कानावर खोचली, पाठ सरळ केली आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "हां पॅटर्नवाले, आता बोल. काय त्ये?"

"मेजर, ती पट्टी आटीची आहे. कास्टिंगची."

त्यांनी पट्टी खिडकीजवळ नेली. चष्मा वर केला. कोपऱ्यातली अक्षरं वाचली. मग टेबलापाशी येऊन एक बरगडी उचलली, जुन्या बरगडीवर ठेवली आणि दोन्हींच्या टोकांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता शाहूवाडी उसळणार. तसं काही झालं नाही. त्यांनी पट्टी खाली ठेवली, दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले, पंजे उघडे, आणि तसेच बाहेर जाऊन पत्र्याखाली माझ्या जुन्या पॅटर्नवर बसले.

बरगड्या मग आम्ही कापल्या. सगळं लाकूड पुन्हा आणावं लागलं, आणि तसलं लाकूड आपल्याकडे सहज मिळत नाही. ते येईपर्यंत पत्र्यावर खडूनं लिहिलेला दिवस उलटला. पुण्याच्या डॉक्टरांना मेजरांच्या हृदयाचा आलेख पटला नाही. त्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही पटला नाही.

आले ते सरळ शेडमध्ये आले. पत्र्यावरचं खडूचं लिहिलेलं ओल्या फडक्यानं पुसलं. म्हणाले, "माणूस बी गार व्हायला लागला की आटतो, पॅटर्नवाले. माझं माप कुणी वाढवून ठेवलं न्हवतं." इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. एवढी वर्षं सगळ्यांना मोजत फिरलेला माणूस, आणि स्वतः काय हातात धरलंय ते वाचलं नाही, दुसऱ्याला सांगूही दिलं नाही.

आता स्वतः उडवायचं नाही म्हटल्यावर तरी हा माणूस सैल सोडेल, असं मला वाटलं. कसलं काय. उलट आणखी चेकाळले. पंखांवर कापड ताणून ते प्रत्येक बरगडीला मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं असतं. आमच्या मंडळींनी जन्मभर वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवल्या आहेत, त्यामुळे त्या कामाला मी बायकोला आणि तिच्या दोन जावांना बसवलं. पंखाची एक बाजू शिवून झाली. मेजरांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, गाठी कडेला यायला हव्या होत्या, मधे आल्यात. कात्री घेतली आणि सगळी बाजू उसवली.

"मेजर," बायको म्हणाली, "माझ्या वाकळंतनं आजपर्यंत कुणी खाली पडलेलं न्हाय."

"वाकळ किती उंचावर जातीया, वहिनी?"

तिनं सुई त्यांच्या हातात दिली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी तेच तिला बोलवायला आले, हातात भडंगाचा पुडा घेऊन. ती आली. तिन्ही जावांनी पुन्हा शिवलं, गाठी कडेला. मेजर शेजारी मांडी घालून दोऱ्याला मेण लावत बसायचे, गप्प. कापड ताठ व्हावं म्हणून वरून लावायच्या लुकणाचा वास असा उग्र, की कामगार जेवायला रस्त्यापलीकडे जायचे.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती. निवृत्तीनंतर एका फ्लाइंग क्लबात त्यांनी तिला शिकवलं होतं. आता ती कॅप्टन आहे, मोठी प्रवासी विमानं चालवते आणि हौसेनं जुनीही. तिला मी फोन केला. मेजरांना न विचारता. ती सुट्टी घेऊन शेडमध्ये हजर झाली तेव्हा मेजर माझ्याकडे वळून म्हणाले, "पावणं, कुणी सांगितलंतं तुमाला?" आणि मग तिला, "डावा पाय अजून आखडूनच ठेवतीस का?"

"व्हय सर," कॅप्टन म्हणाली.

पंख उतरवून दुमजली हायवेनं उजळाईवाडीच्या विमानतळावर न्यायचं होतं. वाटेत एका हवालदारानं आमची वरात थांबवली. सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "पासिंग कुठलं?"

"दिल्लीचं," मेजर म्हणाले.

"मग हिकडं कसं?"

"शिकायला आलंय."

त्यानं विचार केला आणि सोडलं. विमान खात्याच्या साहेब लोकांच्या तपासण्या झाल्या, कागद झाले. कॅप्टननं आधी एकटीनं जाऊन आणखी चाचण्या केल्या. एकदा तोल बघायला म्हणून पुढच्या सीटवर शेजारच्या फौंड्रीतल्या वाळूचं पोतं बांधून नेलं. मेजर दर वेळी धावपट्टीच्या बाजूला, पाठ फिरवून उभे. बघायचे नाहीत, नुसतं ऐकायचे. ती उतरली की सांगायचे, "वळताना नाक खाली ग्येलतं." ती मान हलवायची. बघितल्याशिवाय कसं कळलं, हे मी विचारायच्या फंदात पडलो नाही.

मग एका सकाळी, वारा पडलेला असताना, तिनं ते पोतं सोडलं आणि म्हणाली, "सर, बसा."

"वाळूच्या पोत्याच्या जागी मी?"

"सर..."

"मी पावणा म्हणून बसणार न्हाय. तू जा."

मला वाटलं, झालं. आता हा माणूस एवढ्या वर्षांवर पाणी ओतून घरी जाणार. बायको माझा शर्ट ओढत होती, तुम्ही काहीतरी बोला म्हणून.

कॅप्टननं टोपी काढली. "सर, पावण्याची सीट न्हाय ती. इन्स्ट्रक्टरची हाय. मला अजून ह्ये नीट येत न्हाय. तुमीच म्हणालात की, नाक खाली जातंय. मग शिकवायला चला."

मेजर तिच्याकडे बघत राहिले. ती खोटं बोलत होती आणि त्यांना ते कळत होतं, पण नाक खाली गेलं होतं हेही खरं होतं. त्यांनी खिशातली लेव्हल काढून माझ्या हातात दिली. सीटवर चढले, पट्टे बांधले, वर हात घालून आरसा मागच्या सीटकडे वळवला. त्या सीटवर ती बसली.

दुमजली उडालं. मी ते आधीही उडताना पाहिलं होतं, पण या वेळी मेजर त्यात होते आणि त्यांची लेव्हल माझ्या मुठीत होती. ते पन्हाळ्याच्या दिशेला लहान होत गेलं. बराच वेळ नुसता आवाज. मग पुन्हा दिसायला लागलं आणि आमच्या डोक्यावरून जाण्यासाठी खाली आलं, इतकं की दोघांची डोकी स्पष्ट दिसली.

पुढच्या सीटवरून दोन हात वर आले. डोक्याच्या वर, पंजे उघडे.

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं. मी सोडलं, आता तुझं. म्हणजे आत्तापर्यंत विमान त्यांच्याकडे होतं. वर कुठंतरी, आम्हांला दिसत नव्हतं तिथं, तिनं ते त्यांना दिलं होतं.

तेवढ्यात मागच्या सीटवरूनही दोन हात वर आले. हातमोजे घातलेले, पंजे उघडे.

ती परत घेत नव्हती. आणि मेजरांपुढं आरसा होता. त्यांना ती दिसत होती. तरी त्यांचे हात वरच. आकाशात, आमच्या डोक्यावर, हे दोघं एकमेकांना विमान देत होते आणि दोघांपैकी कुणीही घेत नव्हतं.

"अहो," बायकोनं माझा दंड घट्ट धरला, "मग चालवतंय कोण?"

कुणीच चालवत नव्हतं. तिनं आणि तिच्या जावांनी दोनदा शिवलेलं कापड, आमच्या दुसऱ्या खेपेच्या बरगड्या, शंभरदा सोडून पुन्हा ताणलेल्या त्या तारा, आणि आत चार हात वर. डावा पंख खाली नाही, उजवा खाली नाही. दुमजली आमच्यावरून सरळ गेलं, पट्टीनं रेघ मारावी तसं. मी मोठ्यानं ओरडलो. शिवीच दिली, ती इथं लिहिता येत नाही. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याच वेळी खाली उतरल्यावर या म्हाताऱ्याचा गळा धरायचा असंही मी ठरवलं.

ते वळलं, आलं, टेकलं. एकदा लहानशी उडी घेतली आणि मग धावपट्टीकडेच्या गवतातून डुलत थांबलं. मेजर उतरले. सरळ माझ्याकडे आले, हात पुढं केला. मला वाटलं, माझा हात हवाय. त्यांना लेव्हल हवी होती. ती खालच्या पंखावर ठेवून त्यांनी डोळा बारीक केला.

"मेजर," मी म्हटलं, "लँडिंग कुणी केलं?"

त्यांनी दोन्ही हात वर उचलले. बुडबुड्यावरची नजर काढली नाही. मी कॅप्टनकडे वळलो. तिनंही तेच केलं.

मेजर जाऊन आता काही काळ झाला. दुमजली अजून माझ्याच शेडमध्ये आहे, आणि माझे पॅटर्न पत्र्याखाली. कॅप्टन अधूनमधून येऊन ते उडवते, परत आणून लावते आणि म्हणते, दिवाळीपर्यंत दुसरी जागा बघते. गेल्या खेपेला ती आली तेव्हा दोन्ही पात्यांना हळद लावून झाल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "कॅप्टन, आता तरी सांगा. आता ओरडायला कुणी नाही. शेवटची ती उडी कुणाची होती?"

दुमजलीच्या पुढच्या रिकाम्या सीटकडे तिनं एकदा पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले.